शाओशान : साडेतीन एकरांच्या 'श्रीमंत' शेतकऱ्याचं घर

पानशेतकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेलं दीड वर्ष मी हुनान प्रांताच्या राजधानीत, छांगशात आहे. ज्या चिनी कंपनीचा आपल्या चाकणला कारखाना आहे तिचं मुख्यालय इथे आहे, म्हणून आलो. ऑफिसात रुजू झालो त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं होतं, "शाओशान बघितलंस का?" त्यानंतर साधारण दर महिन्याला कुणीतरी तेच विचारतं. माओ त्सेतुंगचं जन्मगाव छांगशापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. मी टाळत होतो. थोरांच्या जन्मघरांचं एक ठरलेलं असतं: दोरी लावलेला पलंग, काचेतला चष्मा आणि शाळेची सहल. जुलैतला एक रविवार रिकामा सापडला, खोलीतला एसी बिघडलेला होता, म्हणून बुलेट ट्रेनमध्ये बसलो. एसीसाठी गेलो असं म्हणा हवं तर. शाओशान दक्षिण हे स्टेशन २०१४ च्या शेवटी सुरू झालेल्या मार्गावर आहे, अर्ध्या तासात पोचलो. तिथून पुढे बस.

गावाचं जुनं नाव शाओशानचोंग. 'चोंग' म्हणजे दोन डोंगरांच्या मधली चिंचोळी सपाटी. खोरं म्हटलं तर फार मोठं होतं, घळ म्हटलं तर फार अरुंद. दोन्ही बाजूंना पाइन आणि बांबूची झाडी, मध्ये भाताची खाचरं. पायथ्याच्या मावळात गाडीतून उतरल्यासारखं वाटलं, फक्त उकाडा पनवेलचा.

सगळ्या बसेस आधी पुतळ्याकडे नेतात. माओचा ब्राँझचा पुतळा ६ मीटर, खालचा चौथरा ४.१ मीटर, एकूण १०.१. म्हणजे दहावा महिना, पहिली तारीख, १ ऑक्टोबर, चीनच्या प्रजासत्ताकाचा दिवस. जन्मशताब्दीला, डिसेंबर १९९३ मध्ये, तेव्हाचे चिनी राष्ट्राध्यक्ष च्यांग झेमिन यांनी त्याचं अनावरण केलं. नानजिंगहून पुतळा आणणारा ट्रक वाटेत चिंगकांगशानच्या डोंगरात कसा अडून बसला (माओने पहिला तळ टाकला ती जागा), अनावरणाच्या दिवशी आकाशात सूर्य आणि चंद्र एकदम कसे दिसले, भर थंडीत डोंगरावरची फुलं कशी उमलली, हे गाइड माइकवरून सांगत होती. लोक फुलांच्या परड्या ठेवून तीनदा वाकत होते. नास्तिक पक्षाच्या संस्थापकापुढे! माझ्या पुढच्या आजोबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. नवस असावा.

असो. मला लिहायचंय ते घराबद्दल.

घराला 'शांगवूछांग' म्हणतात. समोर कमळाचं तळं, मागे टेकडी, मातीच्या विटांच्या भिंती. लांबून एक घर दिसतं, जवळ गेल्यावर कळतं की एका छपराखाली दोन कुटुंबं होती. पूर्वेचा भाग माओंचा, त्यावर कौलं. पश्चिमेचा शेजाऱ्यांचा, त्यावर गवत. मधली पुढची खोली दोघांत सामाईक. छपराकडे बघूनच कोण किती खाऊनपिऊन होतं ते कळतं. रांगेत दीड तास उभा होतो, त्यामुळे छपराकडे बघायला वेळ भरपूर मिळाला.

आतल्या तेरा खोल्या रांगेच्या रेट्याने दहा मिनिटांत संपतात. स्वयंपाकघर, चुलीशेजारची बैठक, आईवडिलांची खोली, मुलांच्या खोल्या, धान्याची कोठी, गोठा, डुकरांचं खुराडं. माओच्या खोलीच्या माळ्यावर १९२५ च्या उन्हाळ्यात गावातल्या पक्षशाखेची गुप्त बैठक झाली होती. १९२९ मध्ये च्यांग कै-शेकच्या (कम्युनिस्टांच्या विरोधातल्या) सरकारने घर जप्त केलं, त्याची मोडतोड झाली. आज दिसतं ते १९५० मध्ये पूर्वीसारखं बांधून काढलेलं. बाहेर खळं आहे, तेही राखलंय.

कोठीपाशी मी अडकलो. मागून ढकलाढकली सुरू होती तरी.

माओने १९३६ साली एडगर स्नो या अमेरिकन पत्रकाराला आपल्या घरची गोष्ट सांगितली होती. वडील माओ यीछांग मूळचे गरीब. कर्जापायी तरुणपणी सैन्यात गेले, परत आल्यावर छोटामोठा व्यापार करून पैसा पैसा जोडला आणि गेलेली जमीन सोडवली. जमीन १५ मू. आपल्या हिशेबात एक हेक्टर, अडीच एकर. त्यात वर्षाला ६० दान तांदूळ व्हायचा (दान म्हणजे साधारण ६० किलो). घरातल्या पाच माणसांना ३५ दान पुरायचा, २५ उरायचा. उरलेल्यातून आणखी ७ मू घेतली. एकूण २२ मू. एक सालगडी ठेवला. मग स्वतः पिकवण्याबरोबर दुसऱ्यांचं धान्य घेऊन शहरात विकायला लागले, लोकांच्या जमिनी गहाण घेऊ लागले. माओच्या स्वतःच्या शब्दांत, इथे त्याचं घर 'श्रीमंत शेतकरी' झालं.

२२ मू म्हणजे ३ एकर २५ गुंठे. आपल्या सातबाऱ्यावर हा माणूस अल्पभूधारक ठरला असता आणि सोसायटीच्या दारात पीककर्जासाठी उभा दिसला असता.

ही गंमत इथे संपत नाही. १९३३ मध्ये माओने खेड्यातले वर्ग कसे ओळखायचे यावर एक टिपण लिहिलं. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम, गरीब, मजूर. श्रीमंत शेतकरी कोण? जो स्वतः राबतो पण गडीही ठेवतो, व्याजाने पैसे देतो. हे लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल? पुढे सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) शत्रू ठरवलेल्या 'पाच काळ्या' वर्गांच्या यादीत जमीनदारांनंतर दुसरा नंबर श्रीमंत शेतकऱ्यांचा होता. त्यांच्या नातवंडांनाही शाळेत ऐकून घ्यावं लागे. आणि त्याच काळात देशभरातून रेड गार्ड, म्हणजे माओभक्त विद्यार्थी पथकांतली पोरंपोरी चालत शाओशानला येत होती, एका श्रीमंत शेतकऱ्याचं घर बघायला. त्यांच्यासाठी १९६७ मध्ये खास रेल्वेमार्ग टाकला. माझ्यासारखी तीही या कोठीसमोरून पुढे ढकलली गेली असतील.

कोठीपुढचा एक फोटो काढायचा होता, आत परवानगी नाही.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो. माझं चिनी कामचलाऊ आहे आणि इथली श्यांग बोली तर अजिबात कळत नाही. माओ स्वतः आयुष्यभर याच हेलात बोलला, भाषणांत बऱ्याच चिन्यांनाही तो नीट कळायचा नाही म्हणतात, तेवढाच दिलासा.

---

आजीचा_चष्मा

छान लिहिलंय. पण रांगेत दीड तास उभं राहून कोठी बघणारे तुम्हीच. जेवणाचं काहीच नाही?

---

टिल्लू_पंप

+१, जेवणाचं लिहा.

रेल्वेवाल्यांसाठी अवांतर: चीनच्या पहिल्या मोठ्या संख्येने बनलेल्या इलेक्ट्रिक इंजिनाचं नावच 'शाओशान १'. शाओशानपासून फार लांब नसलेल्या चूचौच्या कारखान्यात १९५८ मध्ये त्याचा पहिला नमुना बनला, तेव्हा नाव वेगळं होतं, १९६८ मध्ये बदललं. पुढे शाओशान ३, ४, ८, ९ अशी मालिकाच निघाली. गावाच्या नावाची इंजिनं अर्ध्या चीनभर धावली. एका गावाचं नाव इतक्या टनांनी ओढलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

---

लालभाई

धागाकर्त्याचा सूर पटला नाही. 'बघा कसा ढोंगी' हे तुम्ही न म्हणता म्हणताय. आकडे देताना संदर्भ सोडू नका. १९०० च्या हुनानमध्ये साडेतीन एकर सुपीक भातशेती, गडी, वर धान्याचा व्यापार आणि गहाणवट म्हणजे गावातली वरची पायरी होती. आजचा सातबारा तिथे लावून काय उपयोग? आणि त्याने बापाला झाकलेलं नाही. स्नोला हे सगळं त्यानेच सांगितलं ना? घरात दोन पक्ष होते, एक बाप म्हणजे सत्ताधारी, दुसरा मी, आई, भाऊ आणि कधीकधी गडी, असं तो हसत सांगतो. बाप गड्यांना महिन्याच्या पंधराव्या दिवशी भाताबरोबर अंडी द्यायचा, मटण कधीच नाही. पोराला अंडंही नाही आणि मटणही नाही. वर्गसंघर्ष त्याला पुस्तकात नाही, ताटात दिसला.

शिवाय त्या घराने काय मोजलं तेही लिहा. दोन्ही भाऊ मारले गेले, त्सेतान १९३५ मध्ये आणि त्सेमिन १९४३ मध्ये. चुलतबहीण १९२९ मध्ये, पत्नी यांग खाइहुइ १९३० मध्ये गोळी घालून मारल्या गेल्या. मुलगा आनयिंग १९५० मध्ये कोरियात. चुलीशेजारची जी बैठक तुम्ही एका शब्दात उरकलीत, तिथे १९२१ मध्ये त्याने भावंडांना बसवून घर सोडायला सांगितलं होतं.

---

पानशेतकर

लालभाई, चुलीबद्दलचं मान्य, घाईत गेलं. माझीच चूक.

ढोंगी म्हणायचं नव्हतं. एक माणूस आपल्या घराची कोठी मोजून सांगतो आणि पुढे त्याच मापाने कोट्यवधी घरं मोजली जातात, हे मला तिथे उभं राहून चमत्कारिक वाटलं, एवढंच. त्यांपैकी किती घरांत कोठी मोजायला आलेल्याने अंड्यांची गोष्ट विचारली असेल?

आजी, जेवण: माओच्या नावाचं लालसर शिजवलेलं डुकराचं मांस सगळीकडे मिळतं, दर दुसऱ्या पाटीवर 'माओ घराणं' असं काहीतरी लिहिलेलं असतं. अर्धं गाव माओ आडनावाचं, त्यामुळे खोटं कुणीच बोलत नाही. रंग सोया सॉसने नाही, साखर जाळून आणतात. लहानपणी घरच्या सॉसच्या रांजणात अळ्या बघितल्यापासून तो सोया सॉस खात नसे, अशी गोष्ट सांगतात. मी शाकाहारी, मला मिरचीत परतलेल्या शेंगा आणि भात मिळाला. मिरची मात्र मानली. कोल्हापूरकरांना पाणी मागायला लावेल अशी. तिखट खाणाऱ्या मुलखातूनच क्रांतिकारक निघतात, असा माओचा दावा होता. मी मेक्सिको तपासलेलं नाही.

---

कावेरी_व

घरातल्या बायका कुठे आहेत या धाग्यात?

आईचं नाव वन छीमेइ. छीमेइ म्हणजे 'सातवी बहीण'. नाव नाही, नंबर आहे. औपचारिक नाव वन सूछिन होतं, पण हाक सातव्या बहिणीचीच. सातारा भागात 'नकोशी' नावाच्या मुलींची नावं २०११ मध्ये सरकारी कार्यक्रम करून बदलली, ते आठवलं. छीमेइ लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. बुद्धाच्या भक्त. दुष्काळात दारी आलेल्याला तांदूळ द्यायच्या, पण नवरा घरात नसताना. त्याच कोठीतून, ज्यापुढे तुम्ही अडकलात. १९१९ मध्ये वारल्या, नवरा तीन-चार महिन्यांत मागोमाग गेला.

आणि आणखी एक बाई त्या घरात राहिली. लुओ यीशिउ. माओ चौदा वर्षांचा असताना बापाने लावून दिलेली बायको, वय अठरा. माओने हे लग्न मानलंच नाही, स्नोला तसं स्पष्ट सांगितलं. ती मात्र सासरीच राहिली, त्या काळी कुठे जाणार? १९१० मध्ये, वीस-एकवीस वर्षांची असताना, हगवणीने गेली. माओ घराण्याच्या वंशावळीत तिची 'पहिली पत्नी' म्हणून नोंद आहे. नऊ वर्षांनी छांगशात एका नवरीने वरातीच्या पालखीत गळा चिरून घेतला, तेव्हा माओने जुळवून दिलेल्या लग्नांविरुद्ध एकामागून एक लेख लिहिले. लेख चांगले आहेत. त्यांत लुओ नाही.

पानशेतकर, तेरा खोल्यांत तिची पाटी दिसली का?

---

पानशेतकर

नाही दिसली. पाट्या चिनी आहेत आणि मी घाईत होतो, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण गाइडच्या तोंडी तरी नाव आलं नाही. दुसऱ्या बायकोचं आलं.

---

अजून_एक_आयडी

तळ्याची गोष्ट कुणीच लिहिली नाही? वय तेरा. घरी पाहुणे. बापाने सगळ्यांदेखत 'आळशी, निरुपयोगी' म्हटलं. पोराने उलट शिव्या दिल्या आणि घर सोडून निघालं. आई मागे, बाप मागे. पोरगं तळ्याच्या काठावर, 'पुढे आलात तर उडी मारेन.' मग वाटाघाटी. बाप म्हणतो साष्टांग घालून माफी माग. पोरगं म्हणतं मारणार नाही असं वचन दे, मग एक गुडघा टेकतो. एक! तह झाला. उघड बंड केलं तर बाप नमतो, गप्प बसलं तर जास्त मारतो, हा धडा त्याने तिथे घेतला.

बाकी १९६८ मध्ये, लोकांचे हात मागे पिरगाळून त्यांना सभेत वाकवून उभं करायचे दिवस होते तेव्हा, 'माझा बाप आज असता तर त्यालाही असंच वाकवायला हवं होतं' अशा अर्थाचं तो बोलल्याची नोंद आहे. एका गुडघ्याचा हिशेब साठ वर्षं चालू होता.

---

शेंगाचटणी

सोलापूरकर असल्याने हजेरी लावतो.

शाओशानशी थेट संबंध नाही, माओशी आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात आमचे द्वारकानाथ कोटणीस. माओच्या तेव्हाच्या मुख्य तळावर, येनानला, त्याला भेटले, पुढे उत्तरेत आघाडीवरच्या रुग्णालयात राहिले, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र, असं माओने स्वहस्ते लिहून पाठवलं. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय. मी गेलो तेव्हा रांग नव्हती. मी आणि राखणदार, एवढेच. त्याने पंखा लावून दिला.

---

सहावी_खुर्ची

शाओशान एकटं बघू नका. नकाशावर बोट ठेवा. ईशान्येला जवळच ह्वामिंगलोउ, पुढे चीनचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या ल्यू शाओचीचं जन्मगाव. दक्षिणेला, शाओशान ज्यात येतं त्याच श्यांगतान भागात वूशी, संरक्षणमंत्री मार्शल पेंग देहुआईचं. तिघांची गावं एका दिवसाच्या मोटारीच्या फेरीत होतात, हल्ली सहली तशाच निघतात. हवामान एक, मिरची एक, थोड्याफार फरकाने बोलीही एक.

आता १९५९ घ्या. २५ जूनला माओ ३२ वर्षांनी शाओशानला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईवडिलांच्या थडग्यावर पाइनची डहाळी ठेवून वाकला, गावकऱ्यांना जेवायला बोलावलं. एक कविता लिहिली, तिच्या शेवटी भाताच्या आणि शेंगांच्या लाटा आहेत. तिथून तो पक्षाच्या लुशानच्या बैठकीला गेला. पेंग आदल्या वर्षी आपल्या गावी जाऊन आला होता, माओच्या 'मोठी झेप' या उत्पादनवाढीच्या मोहिमेतले पिकांचे फुगवलेले आकडे आणि रिकामी भांडी त्याने बघितली होती. लुशानला त्याने माओला या मोहिमेवर टीका करणारं पत्र लिहिलं आणि त्यात त्याची कारकीर्द संपली. त्या दुष्काळाच्या सगळ्या वर्षांत मिळून जे भुकेने मेले त्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

ल्यू १९६१ मध्ये हुनानमध्ये ४४ दिवस राहिला, आपल्या गावीही गेला. १९६२ च्या मोठ्या बैठकीत त्याने तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकवलं: तीन हिस्से आस्मानी, सात हिस्से माणसांनी केलेलं. १९६९ मध्ये तो कैफंगला कैदेत मेला. १९८० मध्ये पक्षाने त्याला निर्दोष ठरवून मान परत दिला, १९८८ मध्ये ह्वामिंगलोउला स्मारक उघडलं.

तीन शेजारी गावं, तीन पुतळे. सहलीतली मुलं तिन्ही ठिकाणी फोटो काढतात. गाइड या तिघांत काय झालं ते कसं सांगते, पानशेतकर, हे ऐकायला मी तिकीट काढून येईन.

---

पानशेतकर

दंडवत, सहावी खुर्ची. ह्वामिंगलोउ राहिलंय, थंडीत जाईन.

यात आणखी एक माणूस हवा: हुआ ग्वोफेंग. शांशी प्रांतातला, पण नोकरी श्यांगतानमध्ये. साहेबांचं गाव आपल्या हद्दीत आहे, हे त्याने बरोबर ओळखलं. १९६५-६६ मध्ये त्याच्या देखरेखीखाली शाओशानचा कालवा झाला, लाखभर शेतकरी खपले, दहा महिन्यांत पाणी आलं. रेल्वे, संग्रहालय, सगळ्यात त्याचा हात. १९७६ मध्ये माओनंतर तोच अध्यक्ष झाला. साहेबांच्या गावचा रस्ता नीट ठेवणाऱ्याचं काय होतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको. फक्त पाच वर्षांत त्याची खुर्ची गेली. कालवा मात्र आजही वाहतो, बसमधून दिसला.

---

आजीचा_चष्मा

'शाओ' म्हणजे सम्राट शुन याचं संगीत. इथल्या डोंगरावर ते वाजवलं आणि फिनिक्स पक्षी नाचायला आले, म्हणून शाओशान, अशी आख्यायिका. कन्फ्यूशियसने हेच संगीत छी राज्यात ऐकलं आणि तीन महिने त्याला मांसाची चव लागली नाही. तुम्हा शाकाहाऱ्याला उपयोगाचं नाही, तरी सांगून ठेवलं.

---

मुळशीचा_शेतकरी

राजकारण तुमचं चालू द्या. मला सांगा, २२ मूत ८४ दान झालं असं कुठेतरी वाचलंय, ते खरं का? म्हणजे ५० क्विंटल, एकरी १४ च्या आसपास. तेही तांदूळ म्हणताय की साळी? आमच्याकडे इंद्रायणी चांगल्या वर्षी एकरी १५ ते १८ क्विंटल साळी देते, तीही खत मारून. सव्वाशे वर्षांपूर्वी शेणखतावर एवढं काढत असेल तर बाप कसाही असो, शेतकरी पक्का होता.

आणि घरासमोरची खाचरं आता कोण लावतं?

---

पानशेतकर

८४ चा आकडा बरोबर, स्नोकडे तोच आहे. तांदूळ असंच लिहिलंय, साळी की तांदूळ हे मीही सांगू शकत नाही. डुकरांचं खुराडं स्वयंपाकघरापासून चार पावलांवर का, ते तुमच्या प्रश्नामुळे आता कळलं.

खाचरं लावलेली होती. हुनानमध्ये वर्षाला दोन पिकं घेतात. जुलैत पहिलं कापायचं आणि ऑगस्ट उजाडायच्या आत दुसरं लावायचं. या धावपळीला इथे 'श्वांगछ्यांग' म्हणतात, दुहेरी घाई. मी गेलो तेव्हा तळ्याच्या पलीकडच्या एका खाचरात कापणी झाली होती आणि चिखलणी चालू होती. लहान यंत्र होतं, मागे एक पन्नाशीची बाई. रांगेतले शंभर लोक पुतळ्याच्या बाजूला तोंड करून उभे, तिने एकदाही वर बघितलं नाही.

---

मुळशीचा_शेतकरी

रोप किती दिवसांचं लावतात दुसऱ्या पिकाला?

---

पानशेतकर

सोमवारी ऑफिसातल्या बाईंना विचारून सांगतो. त्यांच्या माहेरी शेती आहे.